गुडघ्याला बाशिंग

मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी मला काय काय विचारलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. एका काकूंनी तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या देतेस असं विचारलं आणि माझं उत्तर ऐकून डोळे मिटून घेतले. एका मामांनी खिशातून सुई काढली आणि दोरा ओवायला दिला. दुसऱ्या एकांनी दारापर्यंत चालायला सांगितलं, मग परत यायला सांगितलं, आणि "पाय बराबर हाय" असं शेजारच्याच्या कानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. जाफराबादच्या पलीकडं एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. त्यामुळे पगार कितव्या तारखेला होतो हा प्रश्न तर चहाच्याही आधी यायचा.

एवढं सगळं विचारून झालं की पाहुणे माझ्या वडलांकडं वळायचे आणि म्हणायचे, "मंग तुमचं काय ते कळवा." तुमचं म्हणजे अण्णांचं. अण्णा कळवायचे, किंवा समोरचे कळवायचे, आणि मला ते आईकडून भाकऱ्या थापताना कळायचं. मुलगा तुला चालतो का, एवढा एक प्रश्न सोडून जगातले सगळे प्रश्न मला विचारून झाले होते. म्हशीलाही कुणी विचारत नाही म्हणा. पण म्हशीला कुणी सुईत दोरा ओवायला लावत नाही.

ही नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. आमचं घर जुन्या जालन्यात, मस्तगडला. अण्णांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते दुसऱ्यांची वेळ नीट करत बसायचे. माझी वेळ काही लागत नव्हती. दरवर्षी उन्हाळ्यात आई मला स्टुडिओत घेऊन जायची आणि माझा नवा फोटो निघायचा, कारण जुन्या फोटोवरची मुलगी आता थोडी मोठी झालेली असायची. स्टुडिओत मागं एक रंगवलेला पडदा होता: निळं तळं, त्यात राजहंस, आणि तळ्याकाठी कुणीच नाही. त्या तळ्यासमोर प्लॅस्टरच्या खांबावर हात ठेवून मला उभं करायचे. स्टुडिओवाला माझ्याच वयाचा होता, पण कॅमेऱ्यामागं गेला की म्हातारा व्हायचा. "मान जरा खाली, बाई. अजून. हां. हसू नका, हसल्यावर पोरी आगाऊ दिसत्यात." त्या सगळ्या फोटोंत मी काहीतरी हरवल्यासारखी जमिनीकडं बघते आहे.

त्याची आणि माझी ओळख एसटीत झाली. त्याची म्हणजे स्टुडिओवाल्याची नव्हे. ज्याच्यामुळं हे सगळं रामायण घडलं त्याची. तो धावड्याच्या शेतकरी घरातला, शेतीची पदवी घेऊन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत लागलेला. हंगामात त्याला जाफराबादकडचे कपाशीचे प्लॉट बघायला जावं लागायचं. संध्याकाळी बायका मादी झाडाच्या कळ्या सोलून ठेवायच्या, सकाळी नर झाडाचं फूल त्यावर हलकेच फिरवायचं, आणि झालं की खुणेचा दोरा बांधायचा. कुठली कळी राहिली, कुठली झाली, हे बघत हा दिवसभर सऱ्यांमधून हिंडायचा. थोडक्यात, दुसऱ्यांची लग्नं लावणं हाच त्याचा व्यवसाय होता आणि स्वतः तो तिशीला टेकला होता.

तो मला मॅडम म्हणायचा. खिडकीची जागा धरून ठेवायचा आणि मी आले की उठून उभा राहायचा, जणू मी वर्गात शिरले आहे. मला तो आवडायला लागला होता, हे इथं सरळच सांगून टाकते. तो बोलताना समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचा. आमच्या भागात पुरुषांमध्ये हा गुण कपाशीत गुलाब उगवावा इतका विरळ.

एकदा त्यानं मला ते फुलांचं सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, "तुमच्या त्या फुलांना कुणी विचारतं का?"

"काय विचारायचं?"

"हा नर चालतो का म्हणून."

तो गोंधळला. "फुलांना? न्हाई बुवा. कंपनी ठरवती."

"मग माझी आणि त्यांची गत एकच." आणि मी त्याला शिट्ट्यांपासून सुईपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

"म्हंजी तुम्हाला आजपर्यंत कुणीच इचारलं न्हाई? बिलकुल?"

"बिलकुल."

जालन्याचं स्टँड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. उतरताना म्हणाला, "हे काई बरोबर न्हाई, मॅडम," आणि निघून गेला. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

पुढची जुळवाजुळव मला नंतर दोन तोंडांनी कळली. दोघंही सांगताना शहाणपणा स्वतःकडं घेतात आणि मूर्खपणा दुसऱ्याकडं ढकलतात. त्यामुळे मी दोन्हीतला मूर्खपणा तेवढा खरा धरला आहे.

त्याच्या कंपनीत मुंबईहून एक साहेब आले होते. त्यांच्या पाकिटात एक फोटो होता: मागं समुद्र, साहेब एका गुडघ्यावर, हातात अंगठी, आणि समोर मेमसाहेब तोंडावर हात ठेवून उभ्या. हा फोटो माझ्या या सरळमार्गी माणसानं बघितला आणि त्याला साक्षात्कार झाला. विचारायचं असतं ते असं! तो तडक स्टुडिओत गेला. स्टुडिओवाला त्याचा मित्र, खोलीही दोघांची एकच.

"गुडघ्यावर?" स्टुडिओवाला म्हणाला. "कोणत्या? डाव्या का उजव्या?"

"साहेबाच्या फोटोत डावा व्हता."

"अन् फोटो उलटा छापलेला असंल तर?"

यावर दोघांनी बराच वेळ विचार केला म्हणे. जालन्यात समुद्र नाही ही दुसरी अडचण. पण मोती तलाव आहे, पाऊसकाळ बरा झाल्यामुळं तो काठोकाठ भरलेला होता, आणि स्टुडिओवाल्याच्या मते चौकट नीट धरली तर पाणी ते पाणी. तिसरी अडचण त्यालाच जास्त खुपत होती.

"पण लेका, अशी मागणी कुठं घालतेत का? मागणी चुलत्यानं घालायची असती. आपण नवी पँट घालून गप बसायचं. त्यात खर्चा बी कमी."

"चुलत्यानं घातली तर चुलता तिच्या बापाला इचारीन. मला तिला इचारायचंय."

"अन् हे सरप्राइज का काय?"

"तिला आधी कळलं न्हाई पायजे."

"माझ्या धंद्यात सरप्राइज म्हंजी रोल धुतल्यावर समदे डोळे मिटलेले निघणं," स्टुडिओवाला म्हणाला. पण तयार झाला. लग्नांतले तेच ते फोटो काढून तोही कंटाळला असावा.

त्याच्याकडं लांबून फोटो काढायची काच नव्हती, म्हणून लपायची जागा जवळच हवी होती. तळ्याकाठी एक भेळेची गाडी लागायची. भेळवाल्याशी बोलणं झालं. गाडीमागं चुरमुऱ्यांच्या पोत्याआड स्टुडिओवाला बसणार. ऊन उतरतीचं हवं. मी पश्चिमेकडं तोंड करून उभी राहायला हवी. मी पांढरी साडी नेसू नये. शेवटच्या अटीवर भांडण झालं, कारण ती मला सांगायची म्हणजे सरप्राइज संपलं. शेवटी पांढरी साडी देवावर सोडली.

आता मला तिथं आणायचं कसं? इथं त्या भल्या माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी घोडचूक केली. बसमध्ये मला म्हणाला, "मॅडम, शनिवारी सकाळची शाळा असती ना तुमची? मंग संध्याकाळी मोती तलावावर याल का? एक पाहुणा यायचाय."

त्याच्या डोक्यात पाहुणा म्हणजे स्टुडिओवाला. पण लग्नाच्या मुलीसमोर आमच्याकडं पाहुणा या शब्दाला एकच अर्थ असतो. पाहुणा म्हणजे बघायला येणारा. पाहुणा म्हणजे सुई, पाहुणा म्हणजे शिट्ट्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या एका माणसाला मी माझं दुखणं सांगितलं होतं, तोच आता आपला चुलता नाहीतर मामा घेऊन येणार होता, तोही तळ्यावर, उघड्यावर, म्हणजे आमच्या घरच्या चहाचासुद्धा खर्च नको!

"येते," मी म्हणाले. मी त्याच वेळी ठरवून टाकलं. पाहुण्यानं डाळीचं नाव काढलं की नाही म्हणायचं. याच्या तोंडावर म्हणायचं, आणि सोमवारपासून पुढची बस धरायची. ठरवलं खरं, पण शुक्रवारी रात्री मला रडू आलं, कारण मला ती बस बदलायची नव्हती.

शनिवारी मुद्दाम शाळेतली धुऊन धुऊन विटलेली साडी नेसले. पांढरी.

तळ्यावर शनिवारची गर्दी होती. पोरं, म्हातारी माणसं, शेंगा विकणारी एक आजी, भेळेची गाडी. तो आधीच येऊन उभा होता. सकाळपासून प्लॉटवर उन्हात होता, दुपारी जेवला नव्हता, आणि चेहरा खडूसारखा पडला होता. माझी साडी बघून त्यानं भेळेच्या गाडीकडं अशी काही नजर टाकली की मला वाटलं त्याला भूक लागली आहे.

"कुठं आहेत पाहुणे?" मी विचारलं.

"हायेत. येतीन. बसा ना मॅडम. न्हाई, बसू नका, उभ्याच राहा. जरा अशा सरका. अजून जरासं. तोंडावर ऊन पायजे."

आता मात्र कमाल झाली. रंग उन्हात बघायची ही तऱ्हा मला नवीन होती. पाहुणे कुठंतरी लांब बसून माझा रंग पारखत असणार! मी ताठ उभी राहिले आणि मावळतीच्या उन्हाकडं डोळे वटारून बघायला लागले. मान बिलकुल खाली घालायची नाही असं ठरवलं होतं.

तेवढ्यात तो खाली गेला.

मला वाटलं पाया पडतो आहे. शिक्षिकेच्या पाया पडणारे पुष्कळ भेटतात, त्यामुळे माझे पाय आपोआप मागं सरकले. "अहो, पाया काय पडताय!" मी म्हणाले. पण तो पाया पडत नव्हता. एक गुडघा टेकून, दुसरा उभा ठेवून तो तसाच राहिला. डावा हात जमिनीला, उजवा पँटच्या खिशात. खिशातलं काहीतरी निघत नव्हतं. हात थरथरत होता, कपाळावरून घाम गळत होता आणि ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग खिशातून सोनाराकडची लाल डबी निघाली, आणि मला कळलं. अगदी लख्ख कळलं. पाहुणा-बिहुणा कुणी नव्हता. तो मला विचारणार होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हाला मी..."

"आगं बया! पोराला झटका आला!"

शेंगावाली आजी टोपली टाकून उठली होती. तिचंही काय चुकलं? चांगला उभा असलेला जवान माणूस मध्येच एका अंगावर खाली जातो, घामाघूम होतो, दात आवळतो, याचा आमच्याकडं एकच अर्थ निघतो. आजीनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाला लावली. "हुंग, बाबा, हुंग! कांदा आणा कुणीतरी! जल्दी!"

तळ्यावरची सगळी माणसं धावली. कुणी त्याला मागून धरलं, कुणी हाताची मूठ उघडायला लागलं, कारण झटक्यात मूठ मिटली तर उघडावी लागते म्हणे, आणि मुठीत ती डबी. तो चपलेमागून "न्हाई, न्हाई" म्हणत होता, आणि लोक म्हणत होते की बोलून राह्यला म्हणजे शुद्धीवर आहे. आणि कांदा? कांदा तळ्यावर एकाच ठिकाणी असणार. भेळवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा जीव वाचवायची संधी मिळाल्यासारखी गाडी पुढं ढकलली आणि कांद्यासकट, चिंचेच्या पाण्यासकट गर्दीत घुसला.

गाडी गेली आणि मागं चुरमुऱ्यांच्या पोत्याला टेकून उकिडवा बसलेला स्टुडिओवाला उघडा पडला, डोळ्याला कॅमेरा लावलेला.

"माणूस मरून राह्यला अन् हा फोटू काढून राह्यला!" कुणीतरी ओरडलं. एकानं त्याची कॉलर धरली. स्टुडिओवाल्यानं इतकंच केलं की कॉलर धरलेली असताना बटण दाबलं. तो म्हणतो, ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट. मला वाटतं बोट घाबरून दाबलं गेलं.

मूठ उघडली तेव्हा आजीला अंगठी दिसली. तिनं अंगठी बघितली, मग मला बघितलं, मग टेकलेल्या गुडघ्याकडं बघितलं. चप्पल खाली टाकली, पायात सरकवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं माझ्या कर्मा! झटका कशाचा, हा तर गुडघ्याला बाशिंग बांधून आल्ता!"

सगळं तळं हसलं. ही म्हण मी वर्गात मुलांना शिकवली होती, लग्नाची घाई झालेला माणूस असा तिचा अर्थ फळ्यावर लिहिला होता, पण तो अर्थ असा समोर गुडघा टेकून बसेल असं वाटलं नव्हतं. मीही हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं कांद्याचं होतं.

मग जे झालं ते मात्र मी मन भरून बघितलं. लोकांनी त्याला कठड्यावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याला! गाव कोणतं, शेती किती, बागायत का कोरडवाहू, भाऊ किती, नोकरी पक्की का कच्ची, दारू-तंबाखू काय. एका आजोबांनी त्याला चालूनही दाखवायला सांगितलं, झटका खरंच नाही याची खात्री म्हणून. तो चालला. शिट्ट्या आणि सुई तेवढी राहिली, नाहीतर माझा सगळा हिशेब त्याच संध्याकाळी चुकता झाला असता.

पण ते आजोबाच मग माझ्याकडं वळले. "तुम्ही मस्तगडच्या घड्याळवाल्याची लेक ना? घोर करू नका. मी आत्ताच सांगतो तुमच्या वडलांना." आणि सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा. म्हणजे फिरून भोपळे चौकात. पुन्हा अण्णांनाच विचारलं जाणार होतं. आणि त्याचा प्रश्न, ज्यासाठी एवढी सगळी फजिती, तो "तुम्हाला मी" इथंच अडकून पडला होता.

घरी गेले तर अण्णांना सगळं कळलेलं. ते काही बोलले नाहीत. अण्णा रागावले की बोलत नाहीत, आणि खूश झाले तरी बोलत नाहीत, त्यामुळे काहीच कळेना. आई तेवढी म्हणाली, "चारचौघांत कांदा हुंगवला म्हणे त्याला," आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

बसमध्ये तो भेटायचा बंद झाला. हंगाम संपत आला होता, की लाज वाटत होती, देव जाणे. खिडकीची जागा आता मला धावत जाऊन धरावी लागायची. आठवडाभर मी स्वतःवरच चिडले होते. वाक्य तिथंच पुरं करायला लावायला हवं होतं, गर्दी काय, कांदा काय.

इकडं स्टुडिओवाल्यानं रोल धुतला. सगळा हललेला, चुरमुऱ्यांचं पोतं आणि लोकांचे पाय. एकच फोटो धड निघाला. आणि या महाभागानं तो कुणाकडं न्यावा? थेट अण्णांच्या दुकानात. त्याच्या धंद्यात मुलीचा फोटो मुलीच्या बापाला दाखवायचा असतो, एवढंच त्याला माहीत. पुढचं त्यानंच सांगितलं. अण्णांनी फोटो घेतला, डोळ्याचं भिंग खाली ओढलं आणि एखाद्या बंद पडलेल्या घड्याळाकडं बघावं तसा फार वेळ बघितला. स्टुडिओवाला घाबरून म्हणाला, "पांढऱ्या साडीमुळं जरा उडालाय." अण्णा म्हणाले, "मागचे समदे फोटो तूच काढले ना हिचे?" तो हो म्हणाला. अण्णा म्हणाले, "त्यात ही अशी का दिसत न्हाई?"  फोटो अण्णांनी ठेवून घेतला.

मग धावड्याहून त्याचे चुलते आले. रीतसर, टोपी-बिपी घालून, सोबत दोन माणसं आणि मागं खाली मान घातलेला तो. मागणी घालायला. तळ्यावरची गोष्ट गावापर्यंत पोचली होती आणि चुलत्यांच्या मते आता ती लवकरात लवकर झाकायला हवी होती. मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दाराशी उभी. हा ट्रे आणि हे दार मला तोंडपाठ होतं.

चुलते भले होते. डाळ नाही, सुई नाही. देण्याघेण्याचंही काही नाही म्हणाले. "आमचं पोरगं तळ्यावर नाक कापून घेऊन आलं, आता आम्ही काय मागणार? तुमचा होकार असंल तर सुपारी फोडू." सगळे अण्णांकडं बघायला लागले. आता अण्णा हो म्हणणार होते. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला हवा तोच नवरा मिळणार होता, पण शेवटी मला न विचारताच मिळणार होता.

अण्णा म्हणाले, "थांबा."

त्यांनी खिशातून तो फोटो काढला आणि चुलत्यांच्या हातात दिला. मी दाराच्या फटीतून बघितलं. फोटोत मध्यभागी एक चप्पल. चपलेमागं त्याचे दोन डोळे. आणि समोर मी, मान वर, तोंड उघडं, त्याच्याकडं सरळ बघत हसणारी. चप्पल त्याच्या नाकाला होती तेव्हापासूनच मी हसत होते, हे माझं मलाच कळलं नव्हतं. आगाऊ दिसत होते. बिलकुल आगाऊ.

"एवढ्या वर्षांत मी किती जणाला होकार-नकार कळवले," अण्णा म्हणाले. "हिला कधी इचारलं न्हाई. मला वाटायचं पोरीला काय इचारायचं. हा फोटो पाह्यला अन् वाटलं, इचारायला पायजे होतं." मग दाराकडं तोंड करून म्हणाले, "बाई, बाहेर ये. ट्रे ठेव तिथंच."

मी आले. माझे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत ते कळेना.

"त्यानं इचारलं का तुला तळ्यावर?"

"नाही, अण्णा. विचारायच्या आधी चप्पल आली."

"मंग आता इचार की रे," अण्णा त्याला म्हणाले.

तो उठला, आणि सवय लागल्यासारखा पुन्हा त्याचा डावा गुडघा वाकायला लागला. चुलत्यांनी त्याचा दंड धरला. "बस खुर्चीवर गुमान! पुन्हा कांदा आणायला लावतो का?" तो बसला. घाम तसाच फुटला होता. पण या वेळी आवाज निघाला.

"मॅडम, तुम्हाला मी चालतो का?"

 दुकानातून दुरुस्तीला घरी आणलेली घड्याळं भिंतीवर टिकटिकत होती. हा प्रश्न ऐकायला मी किती वर्षं थांबले होते आणि त्याची किती उत्तरं घोकून ठेवली होती! त्यातलं एकही आठवेना.

"चालता," मी म्हणाले.

सुपारी फुटली, पेढे आले, चुलत्यांनी फोटोची एक प्रत मागितली. त्या दिवशी फोटो काढायला मात्र कुणी नव्हतं. स्टुडिओवाला आजही हळहळतो की खरा प्रसंग तर आमच्या बैठकीत झाला आणि तो तळ्यावर पोत्यामागं बसून आला.

पाहुणे गेल्यावर मी आणि आई कपबश्या उचलत होतो. अण्णा खुर्चीत बसून होते, स्वतःवर जरा खूशच. "बरं झालं ना," ते आईला म्हणाले, "इचारलं ते?"

आई बशी पुसत होती. "बरं झालं की," ती म्हणाली. मग बशी ठेवून, आमच्या कुणाकडंही न बघता म्हणाली, "मला न्हाई कुणी इचारलं."

ती रागानं बोलली नाही. पाणी आलं नाही आज नळाला, असं सांगावं तशी बोलली. आईचं लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि अण्णांना तिनं पहिल्यांदा बोहल्यावर पाहिलं होतं, हे मला माहीत होतं. पण हे ती मनात धरून बसली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अण्णांनाही नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मंग आता इचारतो," ते म्हणाले. "मी चालतो का तुला?"

आई कपबश्यांचा ट्रे उचलून स्वयंपाकघराकडं निघाली होती. दारात थांबली.

"लई वर्षांनी इचारून राह्यले," ती म्हणाली. "इचार करून सांगते."

याला आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला फराळाच्या वेळी अण्णा आम्हा सगळ्यांसमोर तिला विचारतात, "काय ठरलं मंग?" आणि आई लाडू वाढता वाढता म्हणते, "घाई काय हाय? चालू हाय इचार."